परके मजूर गेले की स्थानिकांची मजुरी वाढते?

'बाहेरचे मजूर हाकला, भूमिपुत्रांची मजुरी वाढेल' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. अमेरिकेने ते करून पाहिलंय. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी कामावर आणणारी 'ब्रासेरो' योजना १९४२ साली सुरू झाली. ऐन भरात वर्षाला चार लाखांहून अधिक माणसं येत. स्थानिकांची मजुरी पडते म्हणून १९६४ अखेर ती बंद केली. पुढे अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी राज्यवार आकडे तपासले. बंदीमुळे मजुरी वाढल्याचं दिसलंच नाही! कॅलिफोर्नियातल्या मळेवाल्यांनी टोमॅटो तोडणीची यंत्रं घेतली. त्या यंत्रांना चालेल असं टणक, एकदम पिकणारं वाण कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिसच्या विद्यापीठात तयारच होतं. जिथे यंत्र नव्हतं, तिथे काही पिकंच घटली. माणसांची जागा माणसांनी घेतली नाही.