बीपी कानाने आणि हाताने पण मोजता येतं

माझ्या मावशीची नजर डायबेटीसने गेली, आता तिला फक्त उजेड-अंधार कळतो. घरात बीपीचं मशीन होतं पण रोज सकाळी ती वाट बघत बसायची की कोणीतरी येईल, पट्टा बांधेल, आकडा वाचेल, आणि आम्ही "नॉर्मल आहे गं" म्हणून मोकळे व्हायचो. आकडा तिचा आणि तो तिलाच माहीत नाही, हे मला नंतर फार लागलं.

शुगरने डोळे गेले म्हणतात, पण त्यात बीपीचाही हात असतो. पडद्यावरच्या केसासारख्या रक्तवाहिन्या शुगरने आधीच कमजोर झालेल्या असतात, त्यात प्रेशर वाढलं की त्या पाझरतात, फुटतात. ब्रिटनमध्ये टाइप २ डायबेटीस आणि बीपी दोन्ही असलेल्या ११४८ लोकांवर अभ्यास झाला, यूकेपीडीएस नावाचा, १९९८ साली रिझल्ट आले. एका गटाचं बीपी सरासरी १४४/८२ राहिलं, दुसऱ्याचं १५४/८७. वरच्या आकड्यात फरक फक्त १० चा, पण पहिल्या गटात नजर खालावायचा धोका ४७ टक्क्यांनी आणि स्ट्रोकचा ४४ टक्क्यांनी कमी निघाला. नजर गेलीच आहे तर आता बीपी कशाला बघायचं, असं कोणाला वाटत असेल तर सांगते, किडनीत आणि मेंदूत पण तशाच बारीक वाहिन्या आहेत.

खरं तर बीपी मोजणं हे अर्धं कानाचंच काम. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने दाखवलं की पट्टा सैल करत जाताना स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा आणि ते बंद होतात तो खालचा. डोळे लागायचे ते फक्त पारा बघायला. आताचं ऑटोमॅटिक मशीन पट्ट्यातल्या हवेची थरथर पकडून हिशोब करतं, आणि बोलणारं मशीन म्हणजे त्याच मशीनला स्पीकर. घेताना दंडाचंच घ्या, आणि दुकानातच लावून ऐका, भाषा कळते का, एरर आली तर ती पण बोलतं का, जुनी रीडिंग बोलून दाखवतं का.

पट्टा बांधणं हाताने जमतं. कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर पट्ट्याची खालची कड, नळी आतल्या बाजूने तळहाताकडे, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत घट्ट. धमनीची खूण पट्ट्यावर नुसती छापलेली असते, ती हाताला लागत नाही, म्हणून तिथे जाड दोऱ्याचे चार टाके घाला. स्टार्टच्या बटणावर आम्ही खड्याची टिकली लावली. डायबेटीसने बऱ्याच जणांची बोटं बधीर होतात, त्यांना ब्रेलचे बारीक ठिपके कळत नाहीत, म्हणून खुणा मोठ्याच हव्यात.

बाकी नियम सगळ्यांना असतात तेच, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात उशीवर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, आणि एक मिनिट सोडून दुसरं रीडिंग.

एक गोष्ट मात्र हमखास राहते. जुन्या डायबेटीसमध्ये बीपी सांभाळणाऱ्या नसा पण खराब होतात, मग माणूस उठला की प्रेशर धाडकन खाली येतं, आणि ज्याला दिसत नाही त्याला तोल सावरायला डोळ्यांची मदत पण नसते, म्हणजे पडणं आलंच. म्हणून बसून मोजलं की खुर्ची धरून उभं राहायचं आणि तीन मिनिटांच्या आत परत मोजायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर सकाळच्या डबीला एक रबरबँड, रात्रीच्या डबीला दोन. आणि केमिस्टकडून अख्खी स्ट्रिप घ्या, कापलेल्या तुकड्यावर कधी कधी नावच उरत नाही, मग फोनच्या कॅमेऱ्याने वाचून घ्यायला पण काही राहत नाही.

मावशी आता मोजून झालं की मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकते, तीच तिची वही. मागच्या महिन्यात आला, "बसून एकशे बत्तीस, उभं राहून एकशे आठ, तीन दिवस हेच येतंय, डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी घेतलीये, तू फक्त सोबत ये."