माळ्यावरचा फ्लू

पुण्यात मुली स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधून फिरतात, ते काही नवीन नाही. 2009 च्या ऑगस्टमध्ये मात्र बापेमंडळीही रुमाल बांधून फिरायला लागली. रुमालावर निलगिरीचे दोन थेंब, खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी. (विषाणूला त्या पुरचुंडीचं काही सोयरसुतक नव्हतं, पण धीर यायचा.) 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूचा (स्वाइन म्हणजे डुक्कर) देशातला पहिला बळी पुण्यात गेला, एक शाळकरी मुलगी. मग शाळा बंद, थिएटरं बंद, आणि घशातला स्वॅब द्यायला नायडू हॉस्पिटलसमोर ही मोठी रांग.

घरोघरी एकच सूचना होती, आजी-आजोबांना जपा. पण जगभरातून येणारे आकडे उलटं सांगत होते. फ्लूने दगावणारे एरवी बहुतेक म्हातारे असतात. या वेळी अमेरिकेत मेलेल्यांपैकी दहात जवळजवळ नऊ जण पासष्टीच्या आतले होते. तिथे साठवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात या ‘नव्या’ विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं निघाली. लहान मुलांच्या रक्तात मात्र काहीच नव्हतं. साथ एप्रिलमध्ये उघडकीला आली, मग आजोबांची तिच्याशी ओळख झाली कधी?

त्यासाठी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जावं लागतं. 1918 च्या शरद ऋतूत तिथली माणसं इन्फ्लुएन्झाने, म्हणजे फ्लूनेच, पटापट मरत होती, आणि त्याच वेळी डुकरांनाही ताप, खोकला, गळकं नाक सुरू झालं. जे. एस. कोएन नावाच्या सरकारी पशुवैद्याने सरळ सांगून टाकलं की माणसांना झालंय तेच डुकरांना झालंय. डुक्करपालक भडकले. असं बोललात तर आमचं मांस कोण खाणार? कोएन मागे हटला नाही.

दहा वर्षांनी त्याच आयोवात रिचर्ड शोप हा तरुण डॉक्टर डुकरांचा दुसराच एक रोग अभ्यासायला आला आणि त्याला हा फ्लू दिसला. आजारी डुकरांच्या श्वासनलिकेतला स्राव त्याने जिवाणू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला आणि निरोगी डुकरांच्या नाकात सोडला. डुकरं हलकीशी आजारी पडली. म्हणजे जिवाणूहून लहान काहीतरी गाळणीतून पार झालं होतं. 1931 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. माणसातला फ्लूचा विषाणू लंडनमध्ये सापडला तो त्यानंतर, 1933 साली. फ्लूच्या अभ्यासात डुक्कर माणसाच्या दोन वर्षं पुढे आहे, हे मला फार आवडतं.

पण शोपचं माझ्या मते सगळ्यात सुंदर काम पुढचं आहे. त्याने माणसांचं रक्तद्रव घेतलं आणि ते डुकराच्या विषाणूला निष्प्रभ करतं का, ते पाहिलं. मोठ्या माणसांचं करत होतं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या रक्तात तो गुण जवळपास नव्हताच. हे 1936 साल. 1918 ची साथ पाहिलेले एका बाजूला, ती ओसरल्यावर जन्मलेले दुसऱ्या बाजूला. त्या साथीचा विषाणू माणसात बदलत बदलत पुढे गेला होता, पण डुकरांमध्ये तो जवळजवळ तसाच राहिला होता. घरातली जुनी पितळी भांडी माळ्यावर जातात ना, तसा.

डुकरात तो फारसा का बदलला नाही, तर डुकराचं आयुष्यच मुळात लहान. मांसासाठी पाळलेलं डुक्कर साधारण सहा महिन्यांत कापलं जातं, आणि विषाणूला रोज नवं, कोरं गिऱ्हाईक मिळत राहतं. माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगतो आणि आधीचे फ्लू लक्षात ठेवतो, त्यामुळे माणसातल्या विषाणूला सतत वेश पालटावा लागतो.

म्हणून 2009 चा विषाणू एकाच वेळी नवाही होता आणि जुनाही. फ्लूच्या विषाणूचा जनुकसाठा आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसल्यासारखे ते तुकडे मिसळतात. या विषाणूचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांच्या विषाणूचे होते (त्यातही काही मुळात पक्ष्यांकडून, एक माणसाकडून आलेला), तर दोन युरोप-आशियातल्या डुकरांकडचे. पण पेशीचं दार उघडणारं बाहेरचं प्रथिन, ज्याला आपलं शरीर ओळखतं, ते 1918 च्या घराण्यातलं होतं. माळ्यावरचं भांडं खाली आलं आणि ते फक्त आजोबांनी ओळखलं.

मग डुक्कर गुन्हेगार ठरलं. इजिप्तने एप्रिलअखेर देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारायचा हुकूम काढला, तेव्हा तिथे ना माणसात रुग्ण होता ना डुकरात. कैरोचा ओला कचरा ही डुकरंच फस्त करायची. ती गेली आणि रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचले.

खरी वाहतूक तर उलट्या दिशेने चालली होती. मे 2009 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टात डुकरांच्या एका कळपात हा विषाणू सापडला, ऑगस्टमध्ये चिलीतल्या टर्की कोंबड्यांमध्ये, नोव्हेंबरमध्ये एका पाळीव मांजरीत. मांजरीच्या घरातली माणसं तिच्या आधी आजारी पडली होती. आणि ते घर होतं आयोवातलंच!

2009 ते 2021 या काळातल्या विषाणूंचे जनुकीय क्रम तपासल्यावर दिसलं की एकट्या अमेरिकेत हा विषाणू माणसाकडून डुकराकडे सुमारे 370 वेळा गेला. त्यातल्या बऱ्याच शाखा विझल्या, काही कळपांत टिकल्या, आणि काही वेळा डुकराकडून पुन्हा माणसाकडेही आल्या. इकडे आपल्यातला त्यांचा भाऊबंद हंगामी फ्लू होऊन बसला, आणि इतका बदलला की लसीतला त्याचा वाण 2017 पासून कितीतरी वेळा बदलावा लागला.

म्हणजे माळ्यावर पुन्हा सामान चढलंय. 2009 मध्ये नायडूसमोरच्या रांगेत बापाच्या कडेवर बसलेल्या पोरांची त्या विषाणूशी ओळख झाली असेल. त्यांच्या धाकट्या भावंडांनी तो त्या रूपात पाहिलेला नाही.