चेटकिणीचे केस

पुण्यातल्या मुलांना चेटकीण पहिल्यांदा भेटते ती बहुधा नाटकात. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची एके काळी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ पासून वैभव मांगले ती करू लागले. बाईच्या सोंगातला बाप्या पाहून इथे कुणाला वावगं वाटत नाही. ज्या गावानं नाट्यगृहालाच बालगंधर्वांचं नाव दिलं, तिथे का वाटावं?

आजीच्या गोष्टीतली हडळ मात्र हसवायची नाही. उलटी पावलं, मोकळे केस. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असा समज; म्हणजे जिचा संसार अर्धा राहिला, तिचंच भय. ‘तिन्हीसांजेला केस सोडून दारात उभी राहू नकोस’ हा दम वाड्यांत पोरींनाच मिळायचा.

अमेरिकी टीव्हीनं १९६४ मध्ये चेटकिणीला थेट स्वयंपाकघरात आणलं. ‘बिविच्ड’मधल्या समँथाचे केस नीट बसवलेले. लग्नाच्या रात्री ती आपलं गुपित सांगते आणि नवरा डॅरिन जादूच बंद करायला लावतो. ती कबूल होते, नि नाक हलवून गुपचूप करतेच. त्यातलं सासू-जावयाचं भांडण आपल्याला नवं नाही. पण खरं रूप दडवून शेजाऱ्यांसमोर सरळ वागायचं, ही घालमेल समलिंगी प्रेक्षकांनी बरोबर ओळखली. डॅरिनच्या भूमिकेत आलेले दुसरे नट डिक सार्जंट यांनी आपण गे असल्याचं १९९१ मध्ये उघड सांगितलं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या समलिंगींच्या प्राइड मिरवणुकीत ते आणि समँथा झालेल्या एलिझाबेथ माँटगोमेरी मानाच्या जागी होते.

‘बफी’ या अमेरिकी मालिकेतल्या विलो आणि तारा या दोन चेटकिणी आधी नुसत्या एकत्र मंत्र म्हणत. चुंबन दिसायला २००१ उजाडलं. तोवर जादूवरच भागवलं. २००२ मध्ये ताराला गोळी लागते, विलो सूडानं पेटते आणि तिचे तांबडे केस काळेभोर होतात. दोन बायकांचं प्रेम दाखवायचं आणि वर एकीला मारायचं, हे मला अजूनही खटकतं.

आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अमकी करणी करते म्हणून तिचा छळ करणं गुन्हा ठरलं. २०१८ मध्ये स्टार प्लसवर ‘नजर’ सुरू झाली. तिच्यातल्या मोहना डायनीची सगळी ताकद वेणीत. आमच्या शेजारच्या काकू ती मालिका चुकवत नसत. जाहिरात लागली की आत हाक मारायच्या, “अगं, न्हालीस ना? केस बांध आधी.”