उपाहारगृहांतील रासायनिक भाजणे

हॉटेल, खानावळ, बेकरी किंवा कॅन्टीनमध्ये साफसफाईच्या रसायनांमुळे कातडीला, डोळ्यांना किंवा अन्ननलिकेला होणारी इजा. ती बहुधा मोरीवर, भट्टीशी आणि भांडी धुण्याच्या यंत्रापाशी राबणाऱ्यांच्या वाट्याला येते.

ओव्हन, ग्रिल आणि चिमणीच्या जाळ्यांवर जळून बसलेली चरबी साध्या साबणाला दाद देत नाही. म्हणून कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) असलेली द्रावणे वापरतात. तीव्र द्रावणांचा पीएच (आम्ल-अल्कली मोजण्याचे माप, साधारण ० ते १४) १३-१४ पर्यंत जातो. चरबीचा साबण करणे हेच सोड्याचे काम, मग ती तव्यावरची असो की माणसाच्या अंगातली. बोटांना लागणारा बुळबुळीतपणा त्याचीच खूण. अ‍ॅसिड लागताच झोंबते, आणि त्याने गोठलेली प्रथिने त्याचीच वाट थोडीफार अडवतात. कॉस्टिक सोड्यासारखा क्षार (अल्कली) मात्र पेशी विरघळवत आत शिरत राहतो, आणि सुरुवातीला फारसे दुखेलच असे नाही. साबण राहिला असेल म्हणून कामगार फडक्याला हात पुसतो नि पुढच्या कामाला लागतो. अशा जखमा खोल जातात त्या या उशिरामुळे.

डोक्यावरची जाळी घासताना द्रावण मनगटावरून ओघळून हातमोज्यात उतरते. मग मोजाच ते कातडीला धरून ठेवतो. मोज्याची कड बाहेर दुमडली तर ओघळ तिथे अडतो. कॉस्टिकच्या खड्यांवर पाणी ओतले की ते उकळून उसळते, म्हणून पाण्यात खडे थोडेथोडे टाकायचे. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ते मुळीच कालवू नये: भांडे तापते, हायड्रोजन सुटतो. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड मिसळल्यास क्लोरीन वायू निघतो. २०१९मध्ये अमेरिकेतील बर्लिंग्टन (मॅसॅच्युसेट्स) येथे एका रेस्तराँचा व्यवस्थापक अशाच मिश्रणाच्या वाफेने दगावला.

उपचार म्हणजे वाहते पाणी, तेही लगेच. भिजलेले कपडे उतरवून अंग निदान २० मिनिटे धुवावे. डोळा पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवावा आणि लगोलग दवाखाना गाठावा. क्षारावर उतारा म्हणून लिंबू पिळत किंवा टूथपेस्ट चोपडत बसल्यास मोलाची मिनिटे जातात. द्रावण पोटात गेले असल्यास उलटी करवू नये, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते.

सोबत बाटली न्यावी, म्हणजे डॉक्टरांना रसायन कळते. मात्र छोट्या हॉटेलांत द्रावण सुटे, कॅनमधून येते आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीशेजारी ठेवले जाते. त्या बाटलीवर लेबल असलेच, तर ते पिण्याच्या पाण्याचे असते.