मिठाचा हिशेब लघवीत

भाजीत मीठ किती घातलंत, असं विचारलं तर उत्तर येतं, "अंदाजानं." लोणचं, पापड, चटणी, ठेचा यांतलं मीठ तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्यामुळे माणूस रोज किती मीठ खातो हे शोधायला त्याच्या आठवणीवर विसंबून चालत नाही. मिठातून पोटात गेलेल्या सोडियमचा सुमारे ९० टक्के भाग मूत्रावाटे बाहेर पडतो, म्हणून सगळ्यात भरवशाचं मोजमाप म्हणजे चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवणं. आता तो कॅन घेऊन ऑफिसला कोण जाणार?

मिठावरच्या मोठ्या वादाचं मूळ या कॅनमध्येच आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रोज २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. जेमतेम एक छोटा चमचा. पण २०१४ साली १७ देशांतल्या लाखावर लोकांच्या 'प्युअर' अभ्यासात वेगळंच दिसलं. हृदयविकार आणि मृत्यूचा धोका सर्वांत कमी होता तो ३ ते ६ ग्रॅम सोडियम खाणाऱ्यांत. त्याहून कमी खाणाऱ्यांतही तो वाढलेला! भारतीयांचं मीठ वेगवेगळ्या पाहण्यांत ८ ते ११ ग्रॅम निघतं, म्हणजे सोडियम ३ ते साडेचार ग्रॅम. थोडक्यात, एका हिशेबानं आपण सुखरूप, दुसऱ्या हिशेबानं दुप्पट.

'प्युअर'नं मात्र सकाळची एकच लघवी तपासून, सूत्र लावून दिवसाचा आकडा काढला होता. शिवाय आजारी माणूस मुळातच कमी जेवतो, त्याचं मीठही कमीच भरतं. ज्या अभ्यासांत चोवीस तासांची लघवी अनेकदा जमवली, तिथे हा उलटा चढ दिसला नाही. मला तरी हाच पुरावा जड वाटतो.

चीनमध्ये तर मोजण्याच्या आधी मीठच बदललं. ६०० गावांतले सुमारे २१ हजार लोक. पक्षाघात होऊन गेलेले, किंवा साठी ओलांडलेले आणि रक्तदाब असलेले. निम्म्या गावांना दिलेल्या मिठात पाव हिस्सा सोडियम क्लोराईडऐवजी पोटॅशियम क्लोराईड होतं. जवळपास पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला: त्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. श्रेय सोडियम घटल्याचं की पोटॅशियम वाढल्याचं, हे वेगळं काढणं अवघड, बहुधा दोन्हींचं.

हे मीठ सरसकट सगळ्यांसाठी नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आणि सैंधव म्हणजे 'कमी सोडियमचं मीठ' नव्हे. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच. उलट खाण्याच्या सोड्याला मिठासारखी खारट चव नसली, तरी त्याच्या एका छोट्या चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.