मैदानाच्या कडेकडेने

मंडईत मावशी नेहमी एकाच दाराने आत-बाहेर करायची. एकदा गर्दीमुळे ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि रस्त्यावर नुसती उभी राहिली. रिक्षा स्टँड कुठे, घर कुठल्या बाजूला, काही उमगेना. घरी येऊन हसत म्हणाली, "भरदिवसा चकवा लागला गं मला!" आम्हीही हसलो. तेव्हा तिला भाजीचे भाव, नातवंडांचे वाढदिवस, सगळं तोंडपाठ होतं. नावं विसरायला लागली ती त्यानंतर तीनेक वर्षांनी.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात अनेकदा आधी वाट हरवते आणि नावं मागाहून; हा क्रम समजायला कानशिलाच्या आत डोकवावं लागतं. तिथे हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागाला लागून, कॉर्टेक्सचा म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा एक छोटा पट्टा आहे, एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स. अल्झायमरमधले ‘टाऊ’ प्रथिनाचे गुंते कॉर्टेक्सच्या याच भागात फार लवकर दिसू लागतात, हे जर्मनीतल्या ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये दाखवलं. पुढे २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या चमूला उंदरांच्या मेंदूत याच भागात ‘ग्रिड सेल’ सापडल्या. उंदीर मोकळ्या जागेत फिरत असताना यातली एकेक पेशी ठरावीक ठिकाणी पोचल्यावरच सक्रिय होते, आणि ती ठिकाणं कागदावर मांडली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी उमटते. यासाठी मोसर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं; हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी शोधणारे जॉन ओकीफ यांचाही त्यात वाटा होता.

डोळे मिटून खोलीत चार पावलं टाका, वळा, पुन्हा चाला. दार कुठे राहिलं याचा अंदाज तरीही असतो. किती चाललो, किती वळलो याचा हा हिशेब या पेशींच्या भरवशावर चालतो असं मानतात. प्रत्येक पावलागणिक त्यात थोडी चूक साठते. भिंत किंवा कुंपण लागलं की हिशेब पुन्हा जुळवून घेता येतो. भर मैदानात मात्र हा आधार नसतो.

आता जनुकाकडे. एकोणिसाव्या गुणसूत्रावर ‘एपीओई’ नावाचं जनुक आहे. त्यापासून स्निग्ध पदार्थांची ने-आण करणारं प्रथिन बनतं. त्याचे मुख्य प्रकार तीन, त्यातला ‘ई-४’ अल्झायमरचा धोका वाढवतो, हे १९९३ पासून माहीत आहे. आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला तर धोका साधारण तिप्पट, दोघांकडून आला तर त्याहून बराच जास्त. तरी ई-४ असून आयुष्यभर ठणठणीत राहणारेही पुष्कळ, आणि तो नसताना आजारी पडणारेही.

जर्मनीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये १८ ते ३० वर्षांच्या निरोगी तरुणांना स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावरच्या एका मैदानात फिरवलं. भोवती कडा, लांबवर डोंगर. मैदानातल्या वस्तूंच्या जागा लक्षात ठेवायच्या आणि नंतर त्या तिथेच नेऊन ठेवायच्या. ई-४ असलेल्यांच्या मेंदूत ग्रिड सेलची जाळीदार खूण फिकी होती. वस्तू त्यांनी बरोबरच ठेवल्या, पण ते मैदानाच्या मध्यात कमी आणि कडेकडेने जास्त फिरले. पंचविशीत!

‘सी हिरो क्वेस्ट’ या मोबाइल गेमने हेच वेगळ्या वाटेने दाखवलं. नकाशा क्षणभर पाहायचा, मग आठवेल तशी होडी हाकायची. जगभरात ४० लाखांहून अधिक लोक तो खेळले. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या साठेक निरोगी, मध्यम वय ओलांडलेल्या माणसांची जनुकं तपासून त्यांना तो खेळायला दिला. ई-४ वाल्यांच्या होड्या लांबचा वळसा घेत, काठाला धरून गेल्या. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सारखेच.

हे सगळे गटांचे सरासरी कल. एखाद्याची होडी काठाने गेली म्हणून त्याला आजार होणार, असं यातून निघत नाही, आणि घरबसल्या गेम खेळून निदान करू नये. नेहमीच्या वाटेवर कुणी वारंवार चुकत असेल तर डॉक्टरकडे जावं. कारण बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडही निघू शकतं. जनुकाची चाचणी हा मात्र ज्याचा त्याचा प्रश्न. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांनी आपला जवळजवळ सगळा जीनोम, म्हणजे शरीरातला पूर्ण जनुकसंच, जगासमोर ठेवला. एपीओईचा भाग तेवढा झाकून ठेवायला सांगितला. त्यांना तो स्वतःलाही कळायला नको होता.

मावशीचं जनुक आम्ही तपासलं नाही. देवळासमोर मोठं मैदान आहे, सगळे ते आडवं ओलांडून जातात. मावशी शेवटी शेवटी कंपाउंडच्या भिंतीला धरून, पूर्ण फेरा घालून जायची. आम्हाला वाटायचं, सावलीसाठी.