रुग्णसंवादाचे आभासी प्रशिक्षण

वैद्यक, नर्सिंग, दंतवैद्यक, फिजिओथेरपी या शाखांच्या विद्यार्थ्यांना रुग्णाशी कसे बोलावे आणि त्याचे कसे ऐकून घ्यावे, हे आभासी वास्तवाच्या साहाय्याने शिकवण्याची पद्धत. डोळ्यांवर हेडसेट चढवला की विद्यार्थी ओपीडीत रुग्णासमोर बसलेला असतो. हा रुग्ण कधी ३६० अंशांत चित्रित केलेला नट असतो, तर कधी संगणकाने घडवलेली, प्रश्नागणिक वेगळे उत्तर देणारी व्यक्ती.

मूळ कल्पना हेडसेटपेक्षा जुनी आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये धडधाकट व्यक्तीला रुग्णाची भूमिका पढवून विद्यार्थ्यांसमोर बसवले. डोक्यावर चढवायचा संगणकीय पडदा आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये दाखवला. हे दोन धागे जुळायला बराच काळ गेला. भारतात एमबीबीएसच्या २०१९ च्या तुकडीपासून वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद शिकवणारा 'एटकॉम' हा भाग अभ्यासक्रमात आला. त्याआधी रुग्णाशी बोलणे सिनियरांच्या मागे राउंडला फिरता फिरता जमले तर जमायचे.

कोल्हापुरात ही पद्धत वापरायची तर पहिला प्रश्न यंत्राचा नाही, बोलीचा आहे. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडपासून कोकण आणि सीमाभागापर्यंतचे लोक येतात. 'परसाकडं हुईना', 'अंगावर जातंय', 'हातापायातलं बळच गेलंय' ही त्यांची तक्रार. दुखणे अंगावर काढणे हा शब्दप्रयोग तर घरोघरचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. त्यातून परप्रांतातून आलेल्या मुलामुलींना हे शब्द पहिल्यांदाच कानावर पडतात. इथल्या बायका स्वतःविषयी 'मी येतो, मी जातो' असे बोलतात, हेही त्यांना ठाऊक नसते. प्रमाण मराठीत लिहिलेला आभासी रुग्ण त्यांना काय शिकवणार? संवाद इथल्याच माणसाने लिहायला हवेत.

एक प्रसंग कल्पून पाहू. शाहूवाडीची साठीची आज्जी, शुगर वाढलेली, पायाची जखम भरत नाही, शेजारी मुलगा उभा. विद्यार्थिनी विचारते, 'आज्जी, गोळ्या रोज घेता ना?' आज्जी मुलाकडे बघते आणि म्हणते, 'व्हय.' विद्यार्थिनीने हे केसपेपरवर उतरवून पुढचा प्रश्न घेतला, तर प्रसंग तिथेच मिटतो. कागद पूर्ण आणि माहिती खोटी. ती थांबली, 'गोळ्या संपल्या की आणायला कोण जातं?' असे म्हणाली, तर आज्जी हळूच सांगते, 'पोराचा खाडा हुतोय बाळा. म्हणून एक दिसाआड खातो बघ.' हा फाटा लिहिणाऱ्याने आधीच पेरून ठेवलेला असतो. खऱ्या ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना तो हातून निसटतो. इथे तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून खेळता येतो, आणि आज्जीला त्याचा त्रास होत नाही.

हेडसेटला मान कुठे वळली ते कळते. त्यामुळे विद्यार्थिनी आज्जीकडे किती वेळ पाहत होती आणि मुलाकडे किती वेळ, हे नंतर तिला दाखवता येते. कन्नड बोलणाऱ्या रुग्णासोबत नात दुभाषी म्हणून आली की हीच चूक होते: डॉक्टर नातीशीच बोलत राहतो.

बाजू उलटवूनही शिकवतात. अमेरिकेतील 'एम्बॉडिड लॅब्ज' या संस्थेच्या एका प्रसंगात विद्यार्थी ७४ वर्षांचा आल्फ्रेड होतो. नजरेच्या मध्यभागी काळा डाग, कानाला अर्धेमुर्धे ऐकू येते, आणि समोरचे डॉक्टर बोलत असतात. ही कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते.

उणिवाही आहेत. कोल्हापुरी बोली यंत्राला नीट ओळखता येत नाही. अशा वेळी शिक्षक लॅपटॉपवरून रुग्णाचे उत्तर निवडून देतात. काहींना गरगरते, मळमळते. स्पर्श तर नाहीच: आज्जीने नाडी बघायला हात पुढे केला, तर विद्यार्थिनीचा हात त्यातून आरपार जातो. हेडसेट उतरल्यावर शिक्षकांसोबत बसून होणारी चर्चा वगळली तर बाकीचे नुसते खेळणे उरते. त्या चर्चेत पहिला प्रश्न विद्यार्थिनीला असावा: 'व्हय' म्हणताना आज्जी कुणाकडे बघत होती?